साखरेच्या बेटाने खाल्लेले वीस महिने : सां-दोमँग आणि नेपोलियनचा अमेरिकेतला बेत

३० एप्रिल १८०३ ही तारीख घातलेल्या कराराने फ्रान्सने लुईझियाना अमेरिकेला विकून टाकला. मिसिसिपी नदीपासून पश्चिमेला रॉकी पर्वतापर्यंत पसरलेला सुमारे २१ लाख चौरस किलोमीटरचा मुलूख, म्हणजे आजच्या भारताचा जवळजवळ दोन तृतीयांश. किंमत दीड कोटी डॉलर. हाच मुलूख नेपोलियनने १ ऑक्टोबर १८०० रोजी स्पेनशी गुप्त तह करून मिळवला होता, आणि पुरता ताब्यात येण्याआधीच तो विकला.

याचे नेहमी दिले जाणारे कारण असे, की इंग्लंडशी युद्ध पुन्हा पेटणार होते, तिजोरीला पैसा हवा होता आणि इतक्या दूरचा मुलूख राखता आला नसता. ते खोटे नाही. पण अडीच वर्षांपूर्वी याच दूरच्या मुलुखासाठी जो माणूस आटापिटा करत होता, त्याला तो एकाएकी ओझे का वाटू लागला, हे त्यातून कळत नाही. त्याचे उत्तर कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावर आहे. तिथल्या गुलामांनी १७९१ मध्ये बंड केले आणि बारा वर्षे ते विझू दिले नाही.

बेट कसे होते

हिस्पॅनिओला बेटाचा पश्चिमेकडचा तिसरा हिस्सा १६९७ च्या तहाने फ्रान्सकडे आला. त्याचे नाव सां-दोमँग, आजचा हैती. १७८९ पर्यंत युरोपात खपणाऱ्या साखरेपैकी सुमारे ४० टक्के साखर आणि निम्म्याहून अधिक कॉफी या एवढ्याशा वसाहतीतून जात होती. बोर्दो आणि नाँत ही बंदरे तिच्या जोरावर श्रीमंत झाली.

हे सगळे पिकवणारे सुमारे पाच लाख लोक गुलाम होते. गोरे तीस-चाळीस हजार. साधारण तेवढ्याच संख्येने मुक्त मिश्रवंशीय आणि मुक्त काळे लोक होते. त्यांच्यातल्या काहींकडे स्वतःचे मळे आणि गुलामही होते, पण गोऱ्यांच्या बरोबरीचे हक्क नव्हते. उसाच्या मळ्यावर जन्मांपेक्षा मृत्यू जास्त होत. माणसे मरत आणि मळेवाले आफ्रिकेतून नवी विकत आणत. १७८० च्या दशकाच्या अखेरीस हा आकडा वर्षाला तीस-चाळीस हजारांवर गेला होता. म्हणून उठाव झाला तेव्हा निम्म्याहून अधिक गुलाम आफ्रिकेत जन्मलेले होते, आणि त्यांतले कित्येक काँगोच्या राज्यातल्या यादवी युद्धांत लढून कैद झालेले. मळेवाल्यांनी मजूर म्हणून सैनिक विकत आणले होते. उठाव इतका टिकला त्याचे हे एक मोठे कारण आहे, आणि त्याकडे फार कमी लक्ष दिले जाते.

२२ ऑगस्ट १७९१ च्या रात्री उत्तरेच्या मैदानातले मळे पेटले. पहिला पुढारी बूकमान नोव्हेंबरपर्यंत मारला गेला, पण बंड पसरत राहिले. १७९३ मध्ये इंग्लंड आणि स्पेन या दोघांनीही फ्रान्सच्या अडचणीचा फायदा घेऊन वसाहतीत सैन्य घुसवले. वसाहत हातची जाते हे दिसताच फ्रान्सचा प्रतिनिधी सोंतोना याने २९ ऑगस्ट १७९३ रोजी उत्तरेतले गुलाम मुक्त केल्याचे जाहीर केले. ४ फेब्रुवारी १७९४ रोजी पॅरिसच्या कन्व्हेन्शनने, म्हणजे क्रांतिकाळातल्या फ्रेंच प्रतिनिधिसभेने, ती मुक्ती साऱ्या फ्रेंच वसाहतींना लागू केली. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. तलवार आधी बेटावर उपसली गेली, पॅरिसचा कायदा नंतर आला.

त्यानंतर बंडखोरांचा सेनानी तुसँ लुव्हेर्त्युर स्पेनची बाजू सोडून फ्रान्सकडे आला. हा पूर्वी ब्रेदाच्या मळ्यावर गुलाम होता आणि उठावाच्या आधीच मुक्त झाला होता. त्याने १७९८ मध्ये इंग्रजांना बोलणी करून बेट सोडायला लावले, दक्षिणेतला प्रतिस्पर्धी रिगो याला हरवले, आणि १८०१ च्या जानेवारीत बेटाचा स्पॅनिश भागही ताब्यात घेतला. त्याच वर्षी जुलैत त्याने संविधान जाहीर केले. या भूमीवर गुलाम असू शकत नाहीत असे त्यात लिहिले होते. तुसँ तहहयात गव्हर्नर असेल, हेही त्याच संविधानात होते. नावाला बेट फ्रान्सचेच राहिले.

बेत काय होता

नेपोलियनला हे खपणारे नव्हते. पण त्याला फक्त उद्दाम गव्हर्नरचा राग आला होता असे मानले तर प्रकरण समजत नाही. त्याच्या डोळ्यांसमोर आखणी होती. सां-दोमँग साखर आणि कॉफी पिकवणार. तिथली जमीन उसाला इतकी मोलाची, की तिच्यावर धान्य पिकवणे किंवा गुरे चारणे मळेवाल्याला परवडत नसे. धान्य, खारवलेले मांस, लाकूड अमेरिकन व्यापाऱ्यांकडून यायचे आणि नफ्याचा मोठा वाटा त्यांच्या खिशात जायचा. लुईझियाना हाताशी असला तर हे सगळे फ्रेंच मुलुखातून, न्यू ऑर्लिन्सच्या बंदरातून येणार होते. लुईझियानाची किंमत सां-दोमँगमुळे होती. बेट नसेल तर मिसिसिपीच्या काठचे ते कोठार कोणासाठी भरायचे?

या बेतासाठी समुद्र मोकळा हवा होता, आणि समुद्र इंग्रजी आरमाराच्या ताब्यात होता. १ ऑक्टोबर १८०१ रोजी इंग्लंडशी तहाचे प्राथमिक कलम ठरले, मार्च १८०२ मध्ये आमियाँचा तह झाला, आणि मे १८०३ मध्ये युद्ध पुन्हा सुरू झाले. म्हणजे फ्रेंच जहाजे निर्धास्तपणे अटलांटिक ओलांडू शकतील असे जेमतेम वीस महिने नेपोलियनच्या हाती आले. माझ्या मते या सगळ्या प्रकरणाची किल्ली इथे आहे. सां-दोमँगच्या लोकांनी नेपोलियनचे सैन्य मारले हे खरेच. पण त्याहून महाग पडले ते हे, की त्यांनी त्याचे हे वीस महिने खाल्ले.

१८०२ चे वर्ष

नेपोलियनने आपली बहीण पोलीन हिचा नवरा जनरल लक्लेर्क याला मोहिमेवर धाडले. पहिल्या फळीत सुमारे वीस हजार सैनिक होते. पुढच्या दोन वर्षांत एकूण चाळीस हजारांहून अधिक माणसे त्या बेटावर उतरवली गेली. लक्लेर्कला गुप्त सूचना होत्या आणि त्यांत तीन टप्पे होते. आधी गोड बोलून, मानमरातब देऊन काळ्या सेनानींना आपलेसे करायचे. मग त्यांना पकडून बेटाबाहेर काढायचे. शेवटी सगळ्या लोकसंख्येची हत्यारे काढून घ्यायची. ज्यांना फ्रान्सने एकदा मुक्त मानले त्यांना पुन्हा बेड्या घालणार नाही, काळे लोक ग्वादलूपमध्ये (कॅरिबियनमधल्या दुसऱ्या फ्रेंच वसाहतीत) राहतात तसेच इथे राहतील, असेही त्या सूचनांत लिहिलेले होते. ग्वादलूपचे नाव ध्यानात ठेवावे.

फेब्रुवारी १८०२ च्या सुरुवातीला आरमार ल काप शहरासमोर आले. तिथला सेनानी क्रिस्तोफ याने शहर लक्लेर्कच्या हाती न देता जाळून टाकले, आपल्या घरापासून सुरुवात करून. त्याच आठवड्यात तुसँने आपला सेनानी देसालिन याला पाठवलेले एक पत्र फ्रेंचांच्या हाती लागले. पावसाळा येऊन शत्रूपासून आपली सुटका करेपर्यंत आपल्याकडे विध्वंस आणि आग एवढीच शस्त्रे आहेत, असा त्याचा आशय. युरोपातून आलेल्या सैनिकाला पावसाळ्यात पिवळा ताप गाठतो, हे तुसँने इंग्रजांच्या वेळी पाच वर्षे डोळ्यांनी पाहिले होते. तोवर दिवस काढायचे, एवढाच त्याचा हिशेब. रसद जाळायची, रस्ते उखडायचे, डोंगरात मागे सरायचे. गनिमी काव्याची परंपरा ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला हे समजावून सांगायला नको.

मार्चमध्ये क्रेत-आ-पिएरोचा छोटा किल्ला देसालिनच्या लोकांनी लढवला. किल्ला पडला, पण फ्रेंचांची दीड-दोन हजार माणसे त्यात गेली आणि वेढ्यातली शिबंदी कोंडी फोडून निसटली. तरीही एप्रिलमध्ये क्रिस्तोफ लक्लेर्कला जाऊन मिळाला, मेमध्ये तुसँ आणि देसालिनही शरण आले. ७ जूनला तुसँला बोलणीच्या निमित्ताने बोलावून कैद केले आणि फ्रान्सला रवाना केले. फ्रेंच आल्प्सच्या जवळ, झ्युरा डोंगरातल्या फोर्ट द जू या थंडगार किल्ल्यात तो ७ एप्रिल १८०३ रोजी मेला.

कागदावर पाहिले तर जून १८०२ मध्ये लक्लेर्क जिंकला होता. पहिला टप्पा पार पडला, दुसराही जवळजवळ झाला. इथून पुढचे चार महिने मला या प्रकरणातले सगळ्यात महत्त्वाचे वाटतात, कारण या काळात उठाव चालवणारे कोणी नामांकित सेनानी नव्हते. देसालिन आणि क्रिस्तोफ तेव्हा फ्रेंचांच्या चाकरीत होते आणि बंडखोरांचीच शिकार करत होते. डोंगरात लढत राहिले ते सां-सूसी, माकाया यांसारखे टोळीनायक आणि त्यांच्यामागची साधी माणसे, बहुतेक आफ्रिकेत जन्मलेली. तुसँच्या राज्यातही हे लोक फारसे सुखी नव्हते. मळे चालू राहावेत म्हणून तुसँने मुक्त मजुरांना मळ्याशी बांधून ठेवले होते. त्याविरुद्ध १८०१ च्या ऑक्टोबरात उठाव झाला तेव्हा त्याने स्वतःचा पुतण्या मोईझ यालाही गोळ्या घालून मारले. तुसँचे कर्तृत्व मोठे आहे, पण ज्यांच्या जिवावर त्याचे राज्य उभे होते त्यांच्याशी त्याने कठोरपणा केला, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. आणि तो कैद झाल्यावर लढा जिवंत ठेवला तो याच लोकांनी.

हत्यारे काढून घ्यायचा हुकूम निघाला आणि गावोगाव प्रतिकार सुरू झाला. ही बंदूक जो हिसकावायला येईल तो तुम्हाला पुन्हा गुलाम करू पाहतो, असे सोंतोनाने बंदुका वाटताना सांगितले होते, अशी कथा तिथे सांगत. अशातच ग्वादलूपची बातमी आली. पॅरिसमध्ये २० मे १८०२ च्या कायद्याने मार्तिनिकसारख्या परत मिळालेल्या वसाहतींत गुलामगिरी कायम ठेवली होती. ग्वादलूपमध्ये जनरल रिशपाँसने मुक्त काळ्यांचे सैन्य मोडून काढले. त्या सैन्यातला अधिकारी देल्ग्रेस आणि त्याच्या सुमारे तीनशे साथीदारांनी २८ मे रोजी मातुबा येथे हाती पडण्याऐवजी स्वतःला स्फोटात उडवून घेतले. जुलैपर्यंत तिथे गुलामगिरी परत आली. आता ‘ग्वादलूपमध्ये राहतात तसे’ याचा अर्थ सां-दोमँगच्या शेवटच्या मजुरालाही कळला.

ऑगस्टमध्ये लक्लेर्कने नेपोलियनला लिहिलेली पत्रे वाचली की सेनापतीची कोंडी दिसते. मी तयार होईपर्यंत या लोकांना आपल्या स्वातंत्र्याची भीती वाटेल असे काही करू नका म्हणून मी विनवले होते, अशी त्याची तक्रार आहे. आता समजावून काही होणार नाही, फक्त बळ वापरावे लागेल, आणि बळ तर उरलेले नाही. ही माणसे मरणाला हसतात, बायकाही तशाच, असेही तो लिहितो. ऑक्टोबरमध्ये सानित बेलेर हिला नवऱ्याबरोबर मृत्युदंड दिला गेला. ती तुसँच्या सैन्यात अधिकारी होती. ७ ऑक्टोबरच्या पत्रात लक्लेर्कने सुचवलेला उपाय असा : डोंगरातले सगळे काळे स्त्री-पुरुष संपवायचे, फक्त बारा वर्षांखालची मुले ठेवायची, आणि मैदानातले निम्मे मारायचे. मळ्यांसाठी बेट जिंकायला आलेला सेनापती मळ्यावर राबणारी माणसेच संपवू पाहत होता. ही मोहीम जिंकली गेली असती तरी नेपोलियनला हवे ते बेट आता मिळणार नव्हते.

त्याच ऑक्टोबरात पेतियों हा आणखी एक सेनानी, क्रिस्तोफ आणि देसालिन एकामागून एक फ्रेंचांना सोडून गेले. लक्लेर्क नोव्हेंबरच्या सुरुवातीला पिवळ्या तापाने मेला. त्याच्या जागी आलेल्या रोशाँबोने क्युबातून माणसांवर सोडायचे कुत्रे मागवले आणि कैद्यांना समुद्रात बुडवले. जे मिश्रवंशीय अजून कुंपणावर होते, तेही मग देसालिनकडे गेले.

तापाने हरवले, की युद्धाने?

फ्रेंचांना डासाने हरवले, हा युक्तिवाद बराच जुना आहे आणि आजही ऐकू येतो. तापाने हजारो मेले, लढाईपेक्षा कितीतरी जास्त, यात शंका नाही. पण ताप आपोआप कोणाची बाजू घेत नाही. सैन्य छावणीत आणि बंदरात महिनोन्‌महिने अडकून राहिले तरच तो त्याला पोखरतो. लक्लेर्कला हे काम पावसाळ्याआधी, काही आठवड्यांत उरकायचे होते. ते उरकू दिले नाही हे माणसांचे काम होते, आणि तुसँच्या पत्रावरून ते ठरवून केलेले होते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. एप्रिल १८०३ मध्ये लुईझियानाचा सौदा झाला तेव्हा सां-दोमँग अजून पडले नव्हते. रोशाँबोला हिवाळ्यात आणि वसंतात नवी कुमक मिळत होती. मग सौद्याचे श्रेय उठावाला कसे? इथे तारखा शेजारी ठेवाव्या लागतात. लक्लेर्कच्या मृत्यूची बातमी जानेवारी १८०३ मध्ये पॅरिसला पोहोचली. साखरेला, कॉफीला आणि वसाहतींना शिव्याशाप देणारे नेपोलियनचे उद्गार १२ जानेवारीचे म्हणून नोंदलेले आहेत. लुईझियानाचा ताबा घ्यायला निघालेले जनरल व्हिक्टरचे सैन्य त्या हिवाळ्यात हॉलंडच्या बंदरात बर्फामुळे अडकून पडले होते. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेफरसन वर्षभर आधीपासून सांगत होते, की न्यू ऑर्लिन्स ज्याच्या ताब्यात असेल तो आमचा स्वाभाविक शत्रू. मार्चपर्यंत इंग्लंडशी संबंध तुटायला आले. ११ एप्रिलला फ्रान्सचा परराष्ट्रमंत्री तालेराँ याने अमेरिकी राजदूत लिव्हिंगस्टन यांना अचानक विचारले, की सगळाच लुईझियाना घेता का? लिव्हिंगस्टन आणि जेफरसन यांनी धाडलेले खास दूत मन्रो यांना मुळात फक्त न्यू ऑर्लिन्स आणि आसपासचा भाग हवा होता.

बर्फ, अमेरिकेचा दबाव, इंग्लंडची धास्ती, ही तीनही कारणे खरी. पण १८०२ च्या उन्हाळ्यात सां-दोमँग शांत झाले असते, तर तिथले अनुभवी सैन्य शरदात न्यू ऑर्लिन्सला नेता आले असते. तेव्हा समुद्र मोकळा होता, बर्फ पडायला वेळ होता आणि अमेरिकेकडे सांगण्यासारखे सैन्य नव्हते. ही शक्यता डोंगरातल्या लोकांनी मिटवली. इंग्लंडशी युद्ध आले तेव्हा बेत आधीच रिकामा झालेला होता. सेंट हेलेनाच्या कैदेत नेपोलियनने स्वतः कबूल केले, की तुसँच्या मार्फत बेट चालवायला हवे होते, मोहीम काढणे ही चूक होती.

शेवट लवकर आला. युद्ध सुरू होताच इंग्रजी आरमाराने बंदरे रोखली. १८ नोव्हेंबर १८०३ रोजी ल कापजवळ व्हेर्तिएरची लढाई झाली, रोशाँबोने शहर सोडले आणि इंग्रजांचा कैदी झाला. १ जानेवारी १८०४ रोजी गोनाईव येथे देसालिनने स्वातंत्र्य जाहीर केले. बेटाला मूळ रहिवाशांचे जुने नाव दिले, हैती. त्यानंतरच्या काही महिन्यांत देसालिनच्या हुकमाने उरलेल्या फ्रेंच गोऱ्यांची कत्तल झाली, त्यात बायका-मुलेही होती. लक्लेर्क आणि रोशाँबो यांनी जे केले त्यामुळे ती समजते, पण समर्थनीय ठरत नाही.

जिथे उठाव झाला नाही

१७९४ चा मुक्तीचा कायदा हिंदी महासागरातल्या फ्रेंच बेटांनाही लागू होता. ईल द फ्रान्सवर, म्हणजे आजच्या मॉरिशसवर, तो घेऊन १७९६ मध्ये पॅरिसचे दोन प्रतिनिधी उतरले. मळेवाल्यांनी त्यांना दमदाटी करून परत जहाजात बसवले. कायदा तोच, सरकारही तेच, पण बेटावर मुक्त झालेल्यांचे सैन्य नव्हते. त्यामुळे गुलामगिरी जशीच्या तशी राहिली. १८०३ मध्ये पुदुचेरी परत घ्यायला आलेला जनरल देकाएँ इंग्रजांनी दाद न दिल्याने याच बेटावर गेला आणि तिथून कारभार पाहू लागला. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट घेतले तरी गुलामगिरी चालूच होती. ती १८३५ मध्ये संपली, आणि उसाच्या मळ्यांसाठी भारतातून कराराचे मजूर नेले जाऊ लागले. मुंबई बंदरातून कोकणातली माणसेही गेली. मॉरिशसमधला आजचा मराठी समाज त्यांचाच. सां-दोमँगमध्ये १७९३ ला जे झाले ते पॅरिसच्या उदारपणामुळे झाले असे कोणी म्हटले, तर त्याला मॉरिशस दाखवावे.

कोणाला काय मिळाले

फ्रान्सचा अमेरिका खंडातला बेत कायमचा मोडला. पण साखर पिकवणारी गुलामगिरी उठावाने मोडली नाही, ती सरकली. सां-दोमँगची जागा क्युबाने घेतली आणि तिथे गुलामांची आयात भराभर वाढली. लुईझियानाच्या मुलुखातही, ज्याचा सौदा गुलामांच्या उठावामुळे झाला होता, कापूस आणि उसासाठी गुलामगिरी पसरली. १८११ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या वरच्या बाजूला मिसिसिपीकाठी तिथल्या गुलामांनी उठाव केला, तो निर्दयपणे चिरडला गेला. दुसरीकडे हैतीच्या पेतियोंने १८१६ मध्ये दक्षिण अमेरिकेत स्पेनविरुद्ध लढणाऱ्या सिमोन बोलिव्हारला शस्त्रे आणि जहाजे दिली, गुलामांना मुक्त करण्याच्या अटीवर. स्पेनच्या साम्राज्याला बसलेल्या धक्क्यात हैतीचाही हात आहे.

हैतीला मात्र कोणी आपल्यात घेतले नाही. अमेरिकेने त्याला मान्यता दिली ती १८६२ मध्ये. फ्रान्सने १८२५ मध्ये वटहुकूम काढून आणि चौदा युद्धनौका पाठवून मान्यतेची किंमत सांगितली : १५ कोटी फ्रँक, मळेवाल्यांच्या नुकसानभरपाईसाठी. त्या ‘नुकसानीत’ मुक्त झालेली माणसेही मोजलेली होती. पहिला हप्ता भरायलाच हैतीला पॅरिसच्या सावकारांकडून तीन कोटींचे कर्ज काढावे लागले, आणि त्यातले साठ लाख सावकारांनी आधीच कापून घेतले. १८३८ मध्ये एकूण रक्कम ९ कोटींवर आणली गेली, तरी एका कर्जासाठी दुसरे कर्ज हे चक्र चालू राहिले आणि त्याचा शेवटचा भाग १९४७ मध्ये फिटला. नेपोलियनला सैन्य पाठवून जे बेट राखता आले नाही, त्याच्याकडून पुढच्या फ्रेंच सरकारांनी कर्जाच्या मार्गाने वसुली केली. २००३ मध्ये हैतीचे राष्ट्राध्यक्ष आरिस्तीद यांनी ही रक्कम व्याजासह, २१ अब्ज डॉलरहून अधिक, परत मागितली. पुढच्या वर्षी त्यांची सत्ता गेली आणि मागणी मागे पडली. १७ एप्रिल २०२५ रोजी, त्या वटहुकमाला दोनशे वर्षे झाली त्या दिवशी, फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष माक्राँ यांनी दोन्ही देशांच्या इतिहासकारांचा संयुक्त आयोग नेमण्याची घोषणा केली. रक्कम परत करण्याचा शब्द त्यात नव्हता.